एक धाव कमी

हिंदुस्थानाची सीमा मी कॅसलरॉकला ओलांडली, पण हिंदुस्थान मला भेटला तो कल्याण स्टेशनात. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता. माझे वडील फोंड्याजवळ आमच्या गावी मराठी शाळा चालवत, आणि मुलीला मॅट्रिक करायची तर बाहेर पाठवण्याशिवाय गत्यंतर नाही असं त्यांचं ठाम मत होतं. गावच्या एका दुकानदाराच्या सोबतीने त्यांनी मला आगगाडीत बसवलं. पुण्याला गाडी बदलून आम्ही दुपारी कल्याणला उतरलो आणि ट्रंकेवर बसून मी डोंबिवलीच्या मावशीच्या यजमानांची, म्हणजे काकांची, वाट बघू लागले. शेजारी एक हमाल चहावाल्याला विचारत होता, "किती गेले?" चहावाला म्हणाला, "चार गेले. तीन तर सकाळीच गेले." तेवढ्यात काळी टोपी घातलेले एक गृहस्थ लगबगीने आले आणि म्हणाले, "पाचवाही गेला आत्ता." हमालाने कपाळाला हात लावला. मी तेरा वर्षांची होते. आमच्याकडे माणूस गेला म्हणजे गेलाच. इथे पटकीची साथ आलीय आणि वडिलांनी मला नेमकं तिच्या तोंडात पाठवलंय, अशी माझी खात्री झाली. काका आले तेव्हा मी आधी तेच विचारलं, "काका, इथे कोण कोण गेलं?" काकांनी माझी ट्रंक उचलत सुस्कारा टाकला. "सगळेच जातील असं दिसतंय. आता फॉलोऑन." फॉलोऑन हे त्या आजाराचं नाव असावं असं मी धरून चालले आणि डोंबिवलीपर्यंत नाकाला पदर लावून बसले. पदर कसला, परकराचं टोक.

आमच्या गावी पोरं फुटबॉल खेळत, तेही चर्चच्या पटांगणात. क्रिकेट हा शब्द मी ऐकला होता, एवढंच. डोंबिवलीत मात्र पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं, की हा खेळ इथे सगळे खेळत नसले तरी सगळ्यांच्या अंगात आहे. मुंबईत सामना सुरू असला की शाळेतले गणिताचे मास्तर दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला जात आणि परत येताना त्यांचा चेहरा बघून आम्हाला स्कोअर कळे. देवळातले गुरव घंटा वाजवणाऱ्याला थांबवून विचारत. खाडीवरून कोळंबी घेऊन येणारी बाई टोपली उतरवायच्या आधी मला म्हणे, "कवरं झालं गो पोरी?" मी गोव्याची आहे आणि मला काही ठाऊक नाही, हे सांगून मी कंटाळले. त्यावर ती म्हणाली, "गोव्यान काय रेडू नाय?" आमच्या गोव्यात रेडिओ होते, पण त्यांच्यातून कोण बोलायचं आणि कुणाच्या भाषेत, हे त्या बाईला टोपलीशेजारी बसून समजावण्यासारखं नव्हतं.

मावशीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पडवी. पडवीच्या पलीकडे भाताची खाचरं आणि विहीर. तिथे वीस वर्षं राहूनही सकाळी दहाला पेज घेतल्याशिवाय मावशीला चैन पडत नसे. शेजारपाजारच्यांना तो आजाऱ्याचा आहार वाटे. रविवारी मात्र स्वयंपाकघरात पहाटेपासून पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी होई, कारण रविवारी काका सामना खेळायला जात. काका मुंबईतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. आठवड्याचे सहा दिवस ते मान खाली घालून जात आणि मान खाली घालून येत. सातव्या दिवशी मावशीने निळीत बुडवून इस्त्री केलेली पांढरी विजार चढवली की त्यांची उंची दोन बोटं वाढलेली दिसे. ते डोंबिवलीच्या संघाचे कप्तान होते. त्यांचं मावशीवर प्रेम होतं, माझ्यावर माया होती, पण जीव होता तो बॅटीवर. माजघरात, देवघराच्या खालच्या कप्प्यात, जवसाचं तेल पाजून ती उभी केलेली असे, आणि तिला आमचा पाय लागलेला त्यांना चालत नसे.

मला क्रिकेट शिकवलं ते दाते डॉक्टरांनी, आणि तेही हिवतापामुळे. पहिल्याच पावसाळ्यानंतर मला थंडीताप आला आणि मी क्विनाइनच्या कडू मिश्रणासाठी रोज त्यांच्या दवाखान्यात जाऊ लागले. आमच्या भागातला एकमेव रेडिओ त्यांच्याकडे होता, बॅटरीवर चालणारा. सामन्याच्या दिवशी खिडकीबाहेर पन्नास-साठ पुरुष उभे असत. मी पेशंट म्हणून आतल्या बाकावर बसे, आणि ताप उतरल्यावरही बसतच राहिले. डॉक्टर संघाचे स्कोअररही होते. रेडिओवरचा सामनासुद्धा ते एका लांबट वहीत नीट मांडून ठेवत. पेशंट आला की पेन्सिल माझ्या हातात देत. "मी गळू फोडून येतो. प्रत्येक चेंडूला एक ठिपका. रन निघाले तर ठिपक्याऐवजी आकडा. कळलं?" समालोचन इंग्रजीत चाले आणि मला येत होती मराठी आणि थोडी पोर्तुगीज. शाळेत इंग्रजी येत नाही म्हणून मला दोन वर्षं मागे, लहान मुलांच्यात बसवलं होतं, त्याचा राग माझ्या मनात होता. तो सगळा राग मी त्या रेडिओवर काढला. आधी आकडे ओळखू यायला लागले, मग नावं, मग जागा. 'थर्ड मॅन' म्हणजे तिसरा माणूस, तर पहिला आणि दुसरा कुठे उभे असतात, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि बराच वेळ हसले. 'मेडन ओव्हर'चा अर्थ विचारल्यावर मात्र त्यांनी विषय बदलला. वर्षभरात वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा मला इंग्रजी जास्त समजू लागलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या लांबट वहीची मला गोडी लागली. मैदानावर कितीही आरडाओरडा होवो, वहीत प्रत्येक चेंडूला एक घर असतं आणि त्या घरात जे घडलं तेच लिहायचं असतं. परक्या गावात दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मुलीला असं काहीतरी धरायला लागतं. मला ते मिळालं.

मावशी म्हणायची, "काय गं मिळतं तुला त्यात?" मी म्हणे, "काही नाही." ती म्हणे, "मग जा." आमचं दोघींचं बोलणं असं आटोपशीर असे.

दोन वर्षांनी डोंबिवलीचा संघ आमच्या भागातल्या गावोगावच्या संघांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचला. सामना ठाण्याला, ठाण्याच्याच संघाशी, आणि चषक आधीच्या वर्षापासून ठाण्याकडेच होता. शनिवारी संध्याकाळी शीळफाट्याच्या बाजूच्या एका गावातून बैलगाडी आली. अडलेली बाई होती. डॉक्टर बॅग घेऊन निघाले आणि गाडीत चढता चढता त्यांनी ती लांबट वही माझ्या हातात दिली. "मी उद्या येत नाही. तू लिही." शेजारी उभ्या असलेल्या काकांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हिला येतं?" डॉक्टर म्हणाले, "माझ्यापेक्षा अक्षर बरं आहे." गाडी गेली. संघाचे सेक्रेटरी कारखानीस तिथेच उभे होते. त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. मुलगी मैदानावर बसणार, ती गोव्याची, लोक काय म्हणतील, असं बरंच काही ते बोलले. पण आकड्यांची ती वही भरू शकणारं दुसरं कुणी संघात नव्हतं. माझ्यावर विश्वास टाकून मला नेलं असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. नाइलाज म्हणून नेलं, आणि मी नाइलाजानेच मिळालेल्या खुर्चीवर ताठ बसले.

ठाण्याच्या मैदानावर खेळपट्टीवर काथ्याची मॅट अंथरून खिळे ठोकले होते. कडेला एक मोडकं टेबल, त्यावर दोन वह्या, दोन स्कोअरर. ठाण्याचा स्कोअरर विशी-बाविशीचा, भांग पाडलेला. त्याने मला बघून खुर्ची थोडी लांब सरकवली आणि नंतर तीन तास एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ठाण्याने एकशे एकतीस केल्या. जिंकायला आम्हाला एकशे बत्तीस हव्या होत्या. जेवणानंतर आमचे एकामागून एक बाद होत गेले, फक्त काका उभे राहिले. मी त्यांना तसं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. कचेरीत मान खाली घालणारा तो माणूस उंच मानेने, सावकाश, एकेक चेंडू जोखत होता.

मधल्या एका ओव्हरमध्ये काकांनी चेंडू पायांच्या बाजूला टोलवला आणि दोन धावा पळाले. पहिली पुरी करून वळताना त्यांनी घाई केली. बॅट रेघेच्या आत टेकायला हवी, ती बाहेरच टेकली आणि ते परत फिरले. अशा वेळी ती धाव मोजत नाहीत. पंच होते कल्याणचे वर्तक मास्तर, निवृत्त शिक्षक, काटकुळे, मोठ्या कानांचे. चेंडू परत आल्यावर त्यांनी कोपर वाकवून बोटं खांद्याला लावली. एक धाव कमी, अशी ती खूण. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी हात वर करून ती मिळाल्याचं कळवलं आणि वहीत एक लिहिली. ठाण्याच्या स्कोअररपुढे त्याच वेळी चहा आला होता. त्याने दोन लिहिल्या आणि फळ्यावरही दोन लागल्या.

"एकच आहे," मी म्हटलं. "पंचांनी खूण केली."

"मी दोन पळताना बघितल्या."

"एक कमी धरायची. विचारा त्यांना."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "अहो, तुमच्याच टीमला एक जास्त मिळतेय. तुमची तक्रार कसली?"

मी उभी राहून पंचांना हाक मारली, पण ओव्हर सुरू झाली होती आणि मास्तरांना ऐकू गेलं नाही. मग एकेक करत माणसं बाद होत गेली, गर्दी ओरडत राहिली आणि मी लिहीत राहिले. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मला दोष देणाऱ्यांपैकी कित्येकांनी म्हटलं, की तेव्हाच का नाही बोललीस. तेव्हाच बोलले होते. ऐकायचं कुणाला नव्हतं.

शेवटची जोडी मैदानात होती. काका आणि सामंत नावाचे पोस्टातले एक जाडसर गृहस्थ, ज्यांना बॅट हातात धरलेली बघून आमचीच माणसं हसत. फळ्यावर एकशे तीस. माझ्या वहीत एकशे एकोणतीस. ओव्हरच्या शेवटच्या चेंडूला काकांनी दोन काढल्या आणि मैदान फुटलं. डोंबिवलीहून आलेली सगळी माणसं आत धावली. काकांना कुणीतरी खांद्यावर घेतलं. कारखानीस टेबलापाशी आले आणि म्हणाले, "चल, आवर वही."

मी म्हटलं, "आपले एकशे एकतीस झालेत. बरोबरी आहे. अजून एक हवी."

त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि आवाज अगदी मऊ केला. "हे बघ पोरी. त्यांच्या स्वतःच्या वहीत एकशे बत्तीस आहेत. ते हरले म्हणतायत. तू कशाला मधे पडतेस? तुझ्या वहीतला तो एकचा आकडा दोन कर आणि मिट ती."

"नाही करणार."

"कुणाच्या घरी राहतेस तू? कुणाचं खातेस?"

मला आज सत्तर वर्षांनीही ते वाक्य ऐकू येतं. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्या प्रश्नानेच माझं ठरलं. जेवू घालतो म्हणून खोटं लिही, असा जर त्याचा अर्थ असेल, तर ते जेवण मला नको होतं. मी वही छातीशी धरली आणि गर्दीतून वाट काढत वर्तक मास्तरांकडे गेले. ते स्टंप उपटत होते.

"मास्तर, तुम्ही खांद्याला बोटं लावली होतीत ना?"

"लावली होती की. तू हात वर केलास."

"त्यांच्या वहीत दोन आहेत."

मास्तरांनी माझी वही घेतली, ठाण्याची वही मागवली, चष्मा कपाळावर चढवून दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि ओव्हरमागून ओव्हर बोट फिरवत गेले. आजूबाजूला हळूहळू शांत होत गेलं. काकांना खाली उतरवलं होतं. गळ्यात झेंडूचा हार होता. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मी म्हटलं, "काका, तुमची बॅट रेघेच्या आत टेकली नव्हती." त्यांनी ती खूण त्या वेळी पाहिली होती की नाही, हे मी त्यांना आयुष्यात कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मास्तरांनी स्टंप परत ठोकले. "मुलीची वही बरोबर आहे. खेळ संपलेला नाही."

नवी ओव्हर, त्यामुळे समोर सामंत. पहिला चेंडू त्यांनी अडवला, दुसराही. तिसरा त्यांना दिसलाच नाही. मधला स्टंप पडला आणि सामना बरोबरीत सुटला. नियमाप्रमाणे चषक आधी ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहिला. काका दुसऱ्या टोकाला बॅटीवर रेलून उभे होते. त्यांनी हार काढून मॅटवर ठेवला आणि चालत निघाले.

परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही, माझ्याबद्दल मात्र सगळे बोलले. घरभेदी, कुणीतरी म्हणालं. पोर्तुगीजांच्या राज्यातली, हिला आपलं काय आणि परकं काय, दुसरं म्हणालं. मी मान वळवून म्हटलं, "आपल्याच वहीत लिहिलंय मी, परक्याच्या नाही."

घरी मावशीने पानं मांडली होती. जिंकणार म्हणून तिने काकांच्या आवडीचं आमच्याकडचं माशाचं कालवण, बांगड्यांची उडदमेथी, केलं होतं. काका हात न धुताच उभे राहिले आणि म्हणाले, "हिला पुढच्या महिन्यात घरी पोचवायची व्यवस्था करतो." मावशीने काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं, सगळं, मधे न बोलता. मग तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "ती माझ्या बहिणीची मुलगी आहे. मॅट्रिक झाल्याशिवाय ती कुठेही जाणार नाही. आणि तिने खोटं लिहिलं असतं तर मीच तिला पाठवली असती. बसा आता, गार होतंय." मी राहायला आल्यापासून ती नवऱ्याला असं बोललेली मी तरी ऐकली नव्हती, बहुधा इतक्या वर्षांच्या संसारात काकांनीही नसावी. ते बसले. जेवले. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

संघाच्या कमिटीने ठराव केला की मुलींना स्कोअररच्या टेबलाशी बसवायचं नाही. शीळफाट्याहून परतलेल्या दाते डॉक्टरांनी माझी पानं तपासली, बेरीज केली आणि वही कारखानिसांच्या पुढ्यात ठेवली. "मग मलाही बसवू नका." त्यामुळे लिहायचं काम, नीट येत नसतानाही, स्वतः कारखानिसांकडे आलं. लोकांना वाटलं, पोरगी आता घरात बसेल. पुढच्या रविवारी मी शाळेची शंभर पानी वही फुटपट्टीने आखली आणि मैदानाच्या कडेला, टेबलापासून वीस पावलांवर, भेंडीच्या एका डेरेदार वृक्षाखाली जाऊन बसले. मैदान काही कमिटीने बांधलेलं नव्हतं. कारखानीस दोनदा येऊन "घरी जा" म्हणाले. मी म्हटलं, "इथे बसायला बंदी आहे का?" नव्हती. कुणी खडे मारले, कुणी 'लिस्बनची राणी' म्हणून हाका मारल्या. मी ठिपके देत राहिले. त्या सबंध मोसमात मी एकही रविवार चुकवला नाही, आणि आज कबूल करते, की त्यातले काही रविवार मला खेळ बघायची इच्छासुद्धा नव्हती. मी हटलेली कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी गेले. पुढे पुढे बाहेरगावचे खेळाडू बाद झाले की झाडाखाली येऊन माझ्या वहीत डोकावून जाऊ लागले. आमचे मात्र लांबूनच जात.

मोसमाच्या शेवटी कल्याणशी सामना होता, आमच्याच मैदानावर. काका चाळिशी ओलांडलेले, आणि त्यांनी उभ्या जन्मात कधी पन्नास केल्या नव्हत्या. त्या दिवशी केल्या. फळ्यावर त्यांच्या नावापुढे पन्नास लागले, मैदान उठून उभं राहिलं, त्यांनी बॅट उंचावली, आणि पुढच्याच चेंडूला ते झेलबाद झाले. टाळ्यांतून ते परत येत होते. तंबूकडे जायचा सरळ रस्ता सोडून ते भेंडीच्या झाडाकडे वळले. माझ्यासमोर उभे राहिले. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. पाच महिन्यांनी ते माझ्याशी पहिला शब्द बोलले.

"किती?"

मी वहीकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. "एकोणपन्नास. एक तुमच्या पॅडला लागून गेली होती. ती तुमच्या नावावर धरत नाहीत."

त्यांनी पॅडकडे पाहिलं. मग वळून टेबलाशी गेले. मला बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, कारण टाळ्या थांबल्या होत्या.

"माझे एकोणपन्नास कर," काका म्हणाले.

"असं काय करतोस? माझ्या वहीत पन्नास आहेत," कारखानीस म्हणाले.

"तिच्या वहीत एकोणपन्नास आहेत," काका म्हणाले, आणि फळ्यावरचा आकडा बदलेपर्यंत तिथून हलले नाहीत.